मिशीवाल्या देवाची ओटी

कुंदा,

आधी तुझ्यावर रागावून घेते, मग बाकीचं. गुरुवारी संध्याकाळी फोनवर आपला तोच जुना वाद चालला होता. मी म्हटलं, बाकी सगळं ठीक आहे, पण रागाचं काय? तेवढ्यात तुझ्या घरावरून बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान गेलं आणि तू सवयीनं म्हणालीस, थांब, याला जाऊ दे. विमान गेलं तर दारात दूधवाला. "रागाचं काय ते रविवारी भेटल्यावर सांगते," म्हणालीस आणि फोन ठेवलास. शनिवारी पहाटे झोपेतच गेलीस. बाई गं, वाद अर्धा टाकून पळून जायची ही कुठली रीत? वर्गात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर तू तिला दाराबाहेर उभं केलं असतंस.

तुझ्या पदव्या, तुझी नोकरी, तत्त्वज्ञान विभागाला तू काय दिलंस, ते सगळं कॉलेजवाले छापतील. फोटोही तो ओळखपत्राचाच लावतील, ज्यात तू पाकीटमार दिसतेस. त्यांचं त्यांना करू दे. मी आपली खिडकीवाली घेऊन बसते.

खिडकीवाली कोण, हे तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसरंही कोणी वाचेल, त्याला कळायला हवं. तू मध्ये दुरुस्त्या करू नकोस. तर कित्येक शतकांपूर्वी विलायतेत एक ख्रिस्ती बाई होती. एका चर्चला लागून असलेल्या खोलीत तिनं स्वतःला जन्मभरासाठी कोंडून घेतलं. एक खिडकी चर्चमध्ये उघडायची, एक रस्त्याकडे. आजारपणात तिला काही दर्शनं झाली आणि त्यांचा अर्थ लावता लावता ती म्हातारी झाली. तिचं खरं नावही कोणाला धड माहीत नाही, म्हणून आपण तिला खिडकीवाली म्हणायला लागलो. तिचं म्हणणं असं की देव जसा बाप आहे तशीच आईही आहे. पाप नावाची वस्तू जगात नाहीच, ते नुसतं एक नसणं आहे. आणि देवात राग नाही, राग सगळा आपल्याकडचा.

हे तू मला पहिल्यांदा कुठे सांगितलंस, आठवतं? इलेक्शन ड्युटीवर. मी आमगावच्या शाळेतली मराठीची बाई, तू गोंदियाच्या कॉलेजातली मॅडम, आणि दोघींना टाकलं बोदलकशाकडच्या एका बूथवर. दुपारी मतदार जेवायला गेले, पोलिसदादा पेंगायला लागला, आणि तू त्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे बघत एकदम म्हणालीस की एक बाई अशीच आडोशाला बसली होती, पण जन्मभर. मला वाटलं उन्हानं तुझं डोकं फिरलं. मग तू सगळं सांगितलंस. तिला मांजर पाळायची मुभा होती हेही सांगितलंस. मी म्हटलं, मांजरासकट अशी एक खोली मला मिळवून दे, दार मी आतून लावून घेते. घरी दोन पोरं, सासूबाई आणि दर अर्ध्या तासानं चहा मागणारा एक नवरा होता माझ्या. तू इतकी हसलीस की पोलिसदादा जागा झाला.

तिथून आपले रविवार सुरू झाले. तू सांगलीकडची, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमागे इकडे आलेली. तो गेल्यावरही तू परत गेली नाहीस. का, असं मी विचारलं तर म्हणालीस की इथे लोक तोंडावर बोलतात, तिकडे पाठीमागे बोलतात, मला तोंडावरचं परवडतं. तेवढ्यासाठी कोणी गोंदियात राहतं का? पण तू राहिलीस. वीस वर्षांत 'का'ला 'काऊन' म्हणायला शिकलीस, तेही चुकीच्या जागी. आम्ही सगळे हसायचो, तरी तू म्हणायचीस.

आता वादाचं. मला देव आई आहे हे कधीच पटलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी पटवून घेणार नाही. आईच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझं आहे? त्यात हे देवपण. आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळानं मला आदर्श माता म्हणून शाल-नारळ दिला, तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. त्याच दिवशी सकाळी मी धाकट्याच्या पाठीत दोन रट्टे घातले होते आणि तो खाली बसून मला बघत होता. मी तुला म्हटलं, राग नसलेली आई मी आजवर पाहिली नाही. तुझ्या खिडकीवालीला पोर असतं तर तिनं असं लिहिलंच नसतं. तू म्हणालीस, असेलही पोर, साथीत गेलं असेल, आपल्याला काय माहीत.

तुझी बाजू वेगळीच होती. तू म्हणायचीस, विमल, ती देवाला आईसारखा म्हणत नाही, उलट सांगते. आईपण मूळचं तिकडचं, आपल्याकडे आलेलं ते उसनं. मग ते कुणाच्या गर्भाशयाची मालमत्ता कसं? ते बाईकडे असेल, पुरुषाकडे असेल, जिला मूल नाही तिच्याकडे असेल, कुणाकडे नसेलही. बाईला मोजायची पट्टीच तिनं काढून घेतली, असं तू म्हणायचीस. तुला मूल नव्हतं आणि मला दोन होती. तुला ते आईपण मोकळं करायचं होतं आणि मला त्यातून मोकळं व्हायचं होतं. एवढाच काय तो आपला वाद, पण काय रंगायचा.

आणि ते नसण्याचं. श्रावणातल्या एका हळदीकुंकवाला माझ्या शेजारणीनं सगळ्यांना बोलावलं, तुला वगळलं. मी तिच्याशी भांडायला निघाले, तर तू हात धरून मला खुर्चीत बसवलंस. रागावली नाहीस, उलट तुझ्या डोळ्यांत ती वर्गातली चमक आली. "विधवापण दाखव बरं मला कुठे आहे? कपाळाला कुंकू नाही, हे नसणं. हातात चुडा नाही, हेही नसणं. नसण्याचं गाठोडं बांधून माझ्या डोक्यावर कोणी दिलं?" म्हणालीस. मग आपण दोघींनी रेलटोलीत जाऊन समोसे खाल्ले, आणि समोसेवाल्याला तू तेच सगळं हिंदीत समजावलंस. तो म्हणाला, सही बात है मॅडम, चटणी और दूँ क्या.

दंडारीचं खूळ माझ्यामुळे निघालं, हे मी मान्य करते. आपण मंडईला गेलो होतो, दिवाळीनंतरची गावची जत्रा, आपली नेहमीची. भरदुपारी दंडार, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, चालली होती आणि दसरथ लुगडं नेसून नाचत होता. दसरथ म्हणजे तलावावर मासे धरणारा, गावच्या दंडारीत बाईची सोंगं तोच घेतो. मी तुला डिवचलं, बघ, हा दरवर्षी बाई होतो, त्यानं बायकांना काय मिळालं? दंडार संपली की घरी जाऊन बायकोलाच पाणी मागतो. तुझा देव आई झाला तरी तसंच. पंधरा दिवसांनी तू मला घेऊन थेट दसरथच्या घरी जाऊन त्याला विचारलंस की लुगडं नेसून तुला काय समजलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "लुगड्यात पळता येत नाई मॅडम, बाकी मले काई समजलं नाई." मी येतानाच्या अख्ख्या रस्त्यात हसत होते. तू मात्र स्कुटीवर मागे बसून शांतपणे म्हणालीस की देवाला तेवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या मंडईला तू खिडकीवालीलाच दंडारीत आणलंस. दोन प्रसंगांच्या मध्ये वीस मिनिटं मागून घेतलीस. बांबूच्या तट्ट्यांची खोली, तिला कापून केलेली खिडकी, आत खिडकीवाली आणि बाहेर देव, जो बापही आणि आईही. देवाचं काम दसरथला. खिडकीवालीचं काम करणारी पोरगी ऐन वेळी लाजली, म्हणून तू स्वतःच तट्ट्यात शिरलीस. इथपर्यंत ठीक होतं. पण दसरथ आला तो हिरवं लुगडं, नाकात नथ आणि ओठावर झुपकेदार मिशी. तू खिडकीतून हळूच ओरडलीस, मिशी काढ. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बाप बी आहे म्हनता नं मॅडम, मंग मिशी काऊन काढू?"

सगळं मैदान हसत सुटलं. तुझे संवाद कुणाला ऐकू गेले नाहीत. पण तू थांबली नाहीस, तट्ट्यातून तुझा आवाज येतच राहिला आणि हळूहळू लोक शांत झाले. दसरथनं खिडकीतून तुला भाकरीचा तुकडा भरवला, हे तू शिकवलं नव्हतंस, ते त्यानं आपल्या मनानं केलं. आणि तेव्हाच गर्दीतून सेवंताबाई उठली.

सेवंताबाई जंगलपट्टीतली, मोहफुलं वेचणारी, देवीला ओटी बोललेली. देवळात रांग मोठी होती, तिची शेवटची बस निघायला आलेली. तिनं काय विचार केला असेल तो करो, ताट घेऊन ती सरळ मांडवात चढली आणि मिशीवाल्या देवाची ओटी भरायला लागली. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. दसरथनं मुकाट्यानं पदर पसरला. मुळात तिचा गैरसमज होता की हा देवीचाच देखावा आहे. मग तिनं खिडकीकडे बघितलं आणि तुला म्हणाली की तुझीही भरते. तू मागे सरकलीस. तू, कुंदा. नसण्याचं गाठोडं माझ्या डोक्यावर कोणी दिलं विचारणारी तू, म्हणालीस, माझी नका भरू, माझा नवरा नाही. मी खाली बसून ते ऐकलं.

सेवंताबाई घाईत होती. "मिशीवाल्याची भरली, तुही काऊन नाई? पसर वो माय, गाडी जाते माही."

तू खिडकीतून पदर बाहेर काढलास. अर्धे तांदूळ खाली सांडले, नारळ तट्ट्यात अडकला, दसरथनं तो ठोसा मारून आत ढकलला. आणि तू रीतीप्रमाणे चार दाणे परत तिच्या हातावर ठेवलेस. मग त्या तट्ट्यातून तुझं हसू ऐकू आलं आणि ते थांबेचना. गावातल्या बाया पण हसायला लागल्या, काही डोळे पुसत होत्या. इतकं आनंदाचं मी कधी काही पाहिलं नाही, आता सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी काय केलं? भांडले. येताना तिरोड्यापर्यंत भांडले. स्त्रीवाद शिकवतेस आणि पदर पसरतेस? ओटी म्हणजे बायकांची वर्गवारीच ना, कुणाची भरायची, कुणाची नाही. तुझी एकदा भरली म्हणून माझ्या शेजारणीनं यादी बदलली का? तुझ्यापुरती सूट मिळाली, एवढंच. तू म्हणालीस, पण सूट कोणी दिली ते बघ ना, ती काही सूट देत नव्हती, तिला फरकच दिसला नाही. मी म्हटलं, तिला बस दिसत होती. तू म्हणालीस, असू दे, घाईत का होईना. मग स्कुटी पंक्चर झाली आणि आपण दोघी ती ढकलत, भांडत, नारळ फोडून खात गेलो. खोबरं छान गोड होतं.

तो वाद तिथून गुरुवारपर्यंत आला होता. फोनवर मी विचारत होते ते एवढंच, की देवात राग नाही म्हणतेस, मग सेवंताबाईची ओटी चालते आणि माझा राग का नाही चालत? राग नसेल तर शेजारणीची यादी बदलणार कशी? मग विमान आलं.

शनिवारी तुझ्या घरी पोचले तेव्हा नागपूरहून तुझी जाऊ आली होती. तिनं सगळं नीट केलं होतं, तिला बोल लावत नाही. तुला पांढरी साडी नेसवली होती. तू पांढरी साडी आयुष्यात नेसली नाहीस. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. दसरथ, मिशीसकट, आणि मागे सेवंताबाई, मांडीवर नारळ घेऊन. मोहफुलं वेचायला गेली होती, दसरथचा निरोप मिळाला तशीच निघून आली होती. तिनं कुणाला काही विचारलं नाही, तुझ्या शेजारी बसली आणि गाठोडं सोडलं. खण, नारळ, तांदूळ.

बाया कुजबुजल्या. तुझ्या जावेनं हळूच सांगितलं की असं करत नाहीत, वहिनी विधवा होत्या. सेवंताबाईचा हात थांबला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मैत्रीण तुमची, तुम्हीच सांगा, यांना काय आवडलं असतं. आणि कुंदा, त्याच वेळी ते मेलं विमान आलं. सगळ्या बाया तोंड मिटून थांबल्या, तुझ्या घरात यायची सवय असलेल्या सगळ्या, याला जाऊ दे म्हणून. तेवढा वेळ मला मिळाला. ओटी ही वर्गवारी आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण तुझ्या कपाळाकडे बघितलं आणि माझा असा संताप झाला, अगं पायापासून डोक्यापर्यंत, की विमान पुरतं जायच्या आधीच मी ओरडले.

"ती विधवा नाही, ती कुंदा आहे. भरा म्हणते ना."

धाकट्याला रट्टे घातले तेव्हाही इतका राग आला नव्हता. आणि रागात मला तुझ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. रागाचं तू काय सांगणार होतीस मला माहीत नाही. पण माझ्यापुरतं सांगते, त्या वेळी माझा राग आणि माझी माया यांच्यात बोटभर जागा नव्हती. खिडकीवालीला भेटलीस तर एवढं विचारून ठेव.

सेवंताबाईनं ओटी भरली. तुझ्या जावेनंच पदर धरला, हे तुला सांगायलाच हवं, तिनं स्वतः पुढे होऊन धरला. मग मी भरली. मी, जिनं आजवर कुणाची भरली नव्हती. तांदूळ सांडले, मला ओंजळ नीट धरता येत नाही. मग दसरथ दारातून म्हणाला, मी भरू का मॅडमची? तेव्हा खिडकीतून भाकर भरवली होती, आता ओटी भरतो. पुरुषानं ओटी भरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण माझा आवाज अजून खोलीत घुमत होता, कुणी नाही म्हटलं नाही. मिशीवरून पाणी वाहत होतं त्याच्या.

शेवटी सेवंताबाईनं तुझ्या ओटीतले चार दाणे उचलले आणि माझ्या हातावर ठेवले. बाया दचकल्या. मेलेल्या माणसाकडचं कोणी घरी नेतं का? ती म्हणाली, देवीच्या ओटीतले नेतो नं, मंग. तिच्या हाताला मोहाचा वास होता. मला एकदम हसू आलं, त्या खोलीत, तुझ्या पायाशी बसून, आणि हसता हसता रडू आलं, आणि मग बराच वेळ दोन्ही चाललं.

घरी येऊन आंघोळ केली. सासूबाईंनी भात टाकायला घेतला होता, त्यात मी ते चार दाणे टाकले. कुणाला सांगितलं नाही. धाकट्यानं तीनदा भात मागून घेतला. मी पण पोटभर जेवले, त्या दिवसात पहिल्यांदा. देव आई आहे हे मला अजून पटलेलं नाही, कुंदा. आज पुन्हा शनिवार, उद्या आपला रविवार आहे. मी येतेय असं समजून दार उघडं ठेव.

तुझी,
विमल